न नांगरलेल्या शेताचा पंचनामा

शहाडला नदीकाठी आमचा भाताचा तुकडा आहे. मी राहतो ठाकुर्लीला, पण शेती अशी करतो की पुरानेही दोनदा विचार करावा. नांगर नाही, चिखल नाही. गादीवाफ्यांवर थेट बी टोकायचं आणि मागच्या कापणीची धसकटं मुळांसकट तशीच ठेवायची, म्हणजे माती धरून राहते. शेजारच्या दौलतला मी हे इतक्यांदा ऐकवलेलं की तो मला बघून वाट बदलायचा.

आईला मात्र हे पटायचंच नाही. "चिखल नय, लावनी नय. यो काय शेत झाला?" म्हणायची आणि बांधावर बसून राहायची. बाबा असताना अख्खी आळी लावणीला उतरायची. दुपारी बांधावर तांदळाच्या भाकऱ्या आणि भाजलेल्या सुकटीचा वास. आठवण मलाही यायची, पण मी ते बोलून दाखवत नसे.

यंदा जुलैत नदी शेतात शिरली. पाणी ओसरल्यावर पीक विम्याचे साहेब पाहणीला आले. दौलतची ताजी लावणी वाहून गेलेली. शेत सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ. माझ्या शेतात धसकटं, गवत, वाहत आलेला पेंढा. लग्न उरकलेल्या मांडवासारखी अवस्था.

साहेब माझ्या शेताकडे बघून हळहळले. "पूर्ण नुकसान. तसं लिहितो." मग दौलतकडे वळले. "तुम्ही अजून लावणी केली नाही वाटतं?"

दौलतने कपाळाला हात लावला. मी गप्प बसलो असतो तर भरपाई माझीच होती. पण दौलतचा चेहरा बघवेना, आणि माझ्या शेतीला कोणी नुकसान म्हणावं?

पँट दुमडून मी आत शिरलो, पेंढा बाजूला सारला. खाली हिरवीगार रोपं उभी.

"बघा साहेब, माती जागेवर आहे, पीकही आहे. गेलंय ते त्याचं."

साहेबांनी माझं नाव खोडून दौलतचं लिहिलं. घरी बायको, विनिता, म्हणाली, "आधी तुझ्या तोंडाचा विमा काढायला हवा होता."

दौलतने सासरवाडीहून रोपं आणली, पण लावायला माणसं मिळेनात. आईने पदर खोचला आणि मलाही चिखलात उतरवलं. ती लावणीचं गाणं म्हणू लागली. किती वर्षांनी तो गार चिखल बोटांत शिरला. डोळे भरून आले. मी झपाझप लावत सुटलो. वाटलं, हात अजून विसरलेले नाहीत.

मागे वळून पाहिलं तर आई मी लावलेलं एकेक रोप उपटून पुन्हा लावत होती.

"तुजा बापूस लावायचा," ती म्हणाली, "ती पन मी अशीच परत लावायची."