शेवडेकाकांची बटणं

शेवडेकाका ऑफिसात आले की आधी कॉम्प्युटरचा माऊस काढून खणात टाकतात, खणाला कुलूप लावतात आणि मग चपला काढतात. कुणी हसलं तर मान वर न करता म्हणतात, "अपन नहीं मानते."

महाकालाच्या गावात, फ्रीगंजात, साडीच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर बनवतो. साडीचा काठ म्हणा, पत्रिकेवरचा गणपती म्हणा, पडद्यावर टिंबं ठेवायची आणि ती रेघांनी जोडायची. टिंब हलवलं की रेघ वळते, आणि चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. सगळं जग हे टिंब माऊसने ओढतं. काकांनी मात्र कीबोर्डवरच्या बटणांची सोय लिहिली. एका बटणाने टिंब निवडायचं, बाणांनी सरकवायचं, स्पेस दाबली की पक्कं.

माझं काम दुसऱ्याच्या कामात खोट काढायचं. लग्नानंतर ते घरीही चालू आहे. मी म्हटलं, "काका, बाण झटपट तीनदा दाबला तर टिंब एकदाच सरकतं. चूक आहे ही."

"चूक नाही, तमीज आहे. दारावर तीन थापा मारल्या म्हणून माणूस काय तीनदा आत येतो?"

मी तक्रार नोंदवली, त्यांनी ती बंद केली. मी परत उघडली, त्यांनी परत बंद केली. आमची ही भाऊबंदकी वर्षभर चालली.

मग भेरूगढचा एक कापडछपाईवाला गिऱ्हाईक बटणांना हसून गेला आणि मालक पेटले. "शेवडेजी, इन बटनों के चक्कर में हर चीज दो बार बनानी पड़ती है. हटाओ इनको."

काकांनी कागद ओढला आणि उभ्याउभ्या राजीनामा लिहिला. "बटणं गेली की मी गेलो. हात जोडीन ते फक्त महाकालापुढे."

मालकांनी कागद खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "तुम भी मराठी हो, समझाओ उनको." जशी काही मराठी माणसं एकमेकांचं ऐकतात.

माधव नगरात काकांच्या घरी त्या दिवशी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. बायका यायच्या होत्या. मी दारातच थांबले, कारण काकू लॅपटॉपसमोर बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. एकेका बाणावर बोट दोन-दोन, तीन-तीनदा पडत होतं. टिंब मात्र एकेकच पाऊल सरकत होतं. पडद्यावर चैत्रांगण उमटत होतं. गौरीचा पाळणा, शंख, चंद्र-सूर्य, कासव.

वर्षभर मी नेमकी याच्याशीच भांडत होते.

"पूर्वी अंगणात काढायचे ग," काकू म्हणाल्या. "मग हातातून रांगोळी सांडायला लागली. माऊस तर धरवतच नाही. हे पाठीच लागले, तू काढ, कशी निघत नाही बघतो. आता मी इथे काढते, हे अंगणाएवढं छापून आणतात."

"कासवाला पाय तीनच आहेत," मी म्हटलं. सवय, दुसरं काय.

"चौथा काढून राहिले ना, दम धर."

काका स्वयंपाकघरात आंब्याची डाळ वाटत होते. मी म्हटलं, "ऑफिसात हे सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर 'बिचारी बाई' म्हणून बटणं ठेवली असती. बटणं चांगली आहेत म्हणून ठेवा."

"मग घरापुरती ठेवा. तिकडची काढून टाका."

काकांनी मिक्सर बंद केला. "का? पूर्ण जगात हात काय हिचेच थरथरतात?"

त्यांनी घाईघाईने डाळ चाखली आणि नीट असलेल्या डाळीत आणखी मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "समझाया?"

मी माझा माऊस काढून त्यांच्यापुढे ठेवला, त्यावर माझाही राजीनामा ठेवला. "बटन अच्छे हैं, साब. रखिए."

"अरे, पर वजह तो बताओ."

वजह माधव नगरात बसून कासवाचा चौथा पाय काढत होती. ती मी सांगणार नव्हते.

"वजह कुछ नहीं," मी म्हटलं. "अपन नहीं मानते."