बकरीनं केलं काय?

"मला ते पुस्तक परत हवंय," नोला म्हणाली आणि विक्री सांभाळणाऱ्या ग्वेंडाच्या हातातला चहा सांडला. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला दिलेली वस्तू परत मागायची आमच्या बुरांगी गावात रीत नाही. पण नोलाचा नवरा क्लॅरी जाऊन जेमतेम महिना झाला होता. त्याच्या वस्तू डोळ्यांसमोर नकोत म्हणून तिनेच खोकं भरून ग्वेंडाकडे दिलं होतं.

त्यात ते विनोदी पुस्तक गेलं. सात वर्षं पाऊस नव्हता, मेंढ्या विकाव्या लागल्या, त्या दिवसांत क्लॅरी रोज ते मोठ्याने वाचायचा. 'पाद्रीबाबांनी बकरीकडे पाहिलं, बकरीने पाद्रीबाबांकडे पाहिलं, आणि मग बकरी...' इथवर आला की हसून हसून स्वारी खुर्चीतून खाली! पुढचं त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलंच नाही. त्याला बघून नोलाही हसायची आणि तेवढा वेळ दुष्काळाचा विसर पडायचा. पुढे पाऊस आला, तरी वाचन चालूच राहिलं.

"मग तू स्वतः का नाही वाचलंस गं?" ग्वेंडाने विचारलं.

"मी वाचलं असतं तर त्यानं वाचायचं थांबवलं असतं. आता मात्र मला कळायलाच हवं. त्या बकरीनं केलं काय?"

पुस्तक विक्रीतून गावातल्याच डेस नावाच्या शेतकऱ्याने नेलं होतं. दोघी त्याच्या शेतावर पोचल्या, तर डेस छातीला पट्टा आवळून व्हरांड्यात बसलेला. घोड्याने पाडून तीन बरगड्या मोडल्या होत्या.

"थेल्माला विचारा," तो कण्हला. "पहिल्याच पानाला हसलो आणि जीव जायची वेळ आली. बायकोनं लपवलंय."

"हसायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलंय," थेल्मा म्हणाली. "कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलंय. तिथं ह्याला वाकता येत नाही ना!"

पुस्तक खुराड्यात होतं खरं, पण त्यावर एक तांबडी कोंबडी खुडूक बसली होती. ग्वेंडाने हात घातला, कोंबडीने चोच मारली आणि मागे सरकलेली ग्वेंडा थेट पाण्याच्या हौदात बसली.

"हसवू नका गं बायांनो!" डेस बरगड्या धरून ओरडला.

नोलाने मुकाट्याने डोक्यावरची टोपी काढली, कोंबडीवर टाकली आणि टोपीसकट कोंबडी उचलून बाजूला ठेवली. मग पान शोधून तिथेच उभ्याने मनात वाचलं. 'आणि मग बकरी निघून गेली.' प्रकरण संपलं होतं.

नोलाने पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"मेल्या, एवढ्यासाठी सव्वीस वर्षं खुर्चीतून पडत होतास?"

'मेल्या' ही तिची क्लॅरीला रोजची हाक. अंत्यविधीपासून तो शब्द तिने तोंडातून निघू दिला नव्हता. आज तो आपसूक निघाला. नोला आधी दचकली, मग खुदकन हसली, मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ती दाण्याच्या पोत्यावर बसली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं.

"अगं, पण केलं काय बकरीनं?" ओलीचिंब ग्वेंडा काकुळतीला आली.

"सांगते, सांगते. पाद्रीबाबांनी बकरीकडे पाहिलं, बकरीनं पाद्रीबाबांकडे पाहिलं, आणि मग बकरी..."

आणि नोला पोत्यावरून खाली घसरली.