डरकाळी अत्तराची पारख

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ फार प्रसिद्ध होता. पूर्वी तो नुसताच वाघ होता. मग जीपगाड्या भरभरून माणसं त्याचे फोटो काढायला येऊ लागली, तेव्हापासून सगळे त्याला ढाण्यासाहेब म्हणू लागले. त्याने खाल्लेल्यांचे नातेवाईकसुद्धा तसंच म्हणत.

प्रसिद्ध झालं की अत्तर काढावं लागतं. ढाण्यासाहेबांनी काढलं आणि त्याला ‘डरकाळी’ असं नाव दिलं. वाघ आपली हद्द आखायला झाडांवर जो फवारा मारतो, तोच बांबूच्या नळ्यांत भरला होता. वास म्हणाल तर थोडासा आंबेमोहोराच्या भातासारखा.

विक्रीचं काम तरसाकडे होतं. तरसाचं पोट साहेबांच्या उष्ट्यावर चालायचं, त्यामुळे त्याच्या बोलण्यात कळकळ होती. एका नळीला टोपलीभर मोहफुलं पडत. चितळांचा तो अख्ख्या उन्हाळ्याचा खाऊ.

चितळांच्या कळपात येसूआत्या होती. वय झालेलं, एक कान फाटका, पण नाक शाबूत. पाणवठ्यावर जाताना आत्या सगळ्यांच्या पुढे असायची. वाघाचा वास आला की ती पाय आपटून ओरडायची आणि कळप पळायचा. तिने शेपूट खाली सोडल्याशिवाय कोणी पाण्याला तोंड लावत नसे. तिची भाची रेवा आईविना वाढली होती. रेवाची आई गेली त्या दिवशी आत्याला सर्दी झाली होती. आत्या ते विसरली नव्हती.

रेवाला डरकाळी हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं. पण टोपलीभर मोहफुलांचा प्रश्न होता, म्हणून आधी आत्याने हुंगून सांगावं असं ठरलं.

आत्याने नळी हुंगली. तिने जोरात पाय आपटला.

“हा वाघ आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे भेसळ नाही?” तरसाने नम्रपणे विचारलं.

“भेसळ कसली? नुसता वाघ आहे.”

तरसाने ते पळसाच्या पानांवर लिहून घेतलं आणि पानं नळ्यांवर चिकटवली : ‘भेसळ नाही. नुसता वाघ. – येसूआत्या.’ दिवस मावळायच्या आत सगळ्या कळपाने नळ्या घेतल्या. आत्याने रेवाला परोपरीने समजावून पाहिलं.

“आत्या, तूच तर खात्री दिलीस,” रेवा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आत्याचे हाल सुरू झाले. डावीकडून वाघाचा वास, उजवीकडून वाघाचा वास, पोटच्या पोरीसारख्या रेवाच्या अंगालाही तोच. आत्या घटकेघटकेला पाय आपटून ओरडायची. कळप पहिले दोन दिवस पळाला. तिसऱ्या दिवशी चालत गेला. चौथ्या दिवशी बैठक भरली आणि आत्याने आता विश्रांती घ्यावी, असं तिला अतिशय आदराने सांगण्यात आलं. तिला मोहफुलांचा हार घालायचाही विचार होता, पण मोहफुलं उरली नव्हती.

पाचव्या दिवशी पाणवठ्यावर ढाण्यासाहेब स्वतः आले. वासावरून कळायची सोय राहिली नव्हती. आत्याला गवतात पट्टे दिसले, तेही रेवाच्या अगदी पाठीशी. ती जीव तोडून ओरडली. कोणी मान वर केली नाही.

साहेबांनी रेवाला हुंगलं आणि ते चपापले. हा तर त्यांचाच वास. इथे आपण आधीच जेवून गेलो असू, असं त्यांना वाटलं. ते पुढच्या चितळाकडे गेले, मग त्याच्या पुढच्याकडे. सगळीकडे तेच.

रेवा वाचली. आत्याला इतकं हायसं वाटलं की तिचे डोळे भरून आले. कित्येक वर्षांनी तिच्या मनावरचं ओझं उतरलं.

मग तिच्या लक्षात आलं की, सगळ्या पाणवठ्यावर चितळाचा वास फक्त आपल्याच अंगाला येतोय.

शोकसभेत तरस ढेकर आवरत चार शब्द बोलला. रेवा रडली, अगदी मनापासून रडली. मग तरसाने विचारल्यावर तिने नळ्यांसाठी आपलंही मत लिहून दिलं : ‘आत्याने लावलं नव्हतं. मी लावलं होतं.’

तात्पर्य : अत्तर घेण्याजोगं आहे की नाही, हे ज्याला नाक आहे त्याला विचारू नये. जो उरला आहे त्याला विचारावं.