लय गेली

“संजना, लिहून घे. नाशिक जिल्ह्यात नाक असलेली माणसं पुष्कळ आहेत. वास घेणारा मी एकटा.”

हे आमचे सर, खासगी गुप्तहेर हर्षल खैरनार. स्वतःच्या नाकावरचा चष्मा त्यांनी आजवर अनेकदा शोधून काढला आहे. मी त्यांची साहाय्यक. एम.एस्सी., भौतिकशास्त्र. दुसरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून आले होते.

समोर स्नेहल बसली होती. तिच्या जॅझ बँडचा कार्यक्रम दिंडोरीजवळच्या एका वाइनरीत झाला होता आणि त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग आता प्रसिद्ध व्हायचं होतं. तिने आम्हाला तिचा ड्रम सोलो ऐकवला. ऐन रंगात सिंबलचा, म्हणजे ड्रमच्या झांजेचा, कडकडाट झाला आणि पाठोपाठ एका बाईचा खणखणीत आवाज आला: “लय गेली!”

“हा आवाज पुसता येत नाही, ड्रममध्येच मिसळलाय,” स्नेहल म्हणाली. “कोणीतरी जाणकार असणार. लय खरंच गेली असेल तर मी सोलोच काढून टाकते. उद्या कळवायचंय.”

मी सोलोचे ठोके संगणकावर तपासले. लय कुठेही गेली नव्हती. तसं सांगितलं.

“पुराव्यांच्या नादी लागलं की तपास भरकटतो,” सर म्हणाले.

मग त्यांनी एकामागून एक गुन्हेगार पकडले. मत्सराने पेटलेली तबलावादक. साडी नेसलेला प्रतिस्पर्धी ड्रमर. शेवटी बँडचा सॅक्सोफोन.

“सर, सॅक्सोफोन हे वाद्य आहे.”

“म्हणूनच त्याच्यावर कोणाला संशय येत नाही!”

दुपारी आम्ही तिघं घटनास्थळी गेलो. वाइनरीच्या हिरवळीच्या कडेला कलाबाईंची भज्यांची गाडी होती. सरांनी एक प्लेट मागवून उलटतपासणी सुरू केली.

“कार्यक्रमाच्या दिवशी इथे कोणी संशयास्पद बाई दिसली?”

“मला कुठं बघायला येळ? भजी लय गेली!”

सरांनी मान डोलावली आणि चटणी मागितली. स्नेहलचं भजं मात्र तोंडापाशीच थांबलं.

“मावशी, परत म्हणा.”

“भजी लय गेली. का वो?”

‘भजी’ सिंबलखाली दबली होती. उरलेलं माइकने इमानेइतबारे टिपलं होतं.

स्नेहलचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “म्हणजे माझ्या सोलोला लोक भजी खायला उठले?”

“उठत्यात कशाला! तुमची बडवाबडवी सुरू झाली अन् गाडीपाशी कुनी फिरकंना. मंग मीच परात घेऊन खुर्च्यांमधून फिरले. मानसं न बघताच हात घालत व्हती, नजर समदी तुमच्याकडं! त्या माइकच्या खांबापाशी परात रिकामी झाली. तिथूनच आमच्या मालकांना हाळी दिली.”

स्नेहलने तिथूनच रेकॉर्डिंगवाल्याला फोन लावला. “सोलो राहू दे. आवाजही राहू दे. आणि गायिका म्हणून कलाबाईंचं नाव टाक.”

“मला पहिल्यापासून तळणाचा वास येत होता,” सर म्हणाले.

कढई त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.