डाव्या बुटातलं पॅकिंग

शुक्रवारी सकाळी प्रफुल्ल गांगुर्डेची मान डावीकडे वळायची बंद झाली, आणि सोमवारी कंपनीत मेडिकल होतं. अंबडच्या त्या कारखान्यात नवीन मशीन आलं की त्याच्या पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचं पॅकिंग सरकवून ते लेव्हलमध्ये बसवायचं काम प्रफुल्लचं. या कामाचा त्याला भारी अभिमान. पण गेल्या वर्षी पाठदुखीवाल्या एकाला डॉक्टरांनी अनफिट ठरवलं, आणि बिचारा स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसला. प्रफुल्लला आता डोळे मिटले तरी नटबोल्टच दिसत होते.

त्याच्या बायकोने, मनालीने, त्याला चैताली थेरपिस्टकडे पिटाळलं. तिने मान सोडून आधी तळपायच दाबले.

"मॅडम, दुखणं वर आहे."

"असू दे. कातडीखाली एक अखंड पडदा असतो, फॅशिया. संत्र्याच्या फोडीवर असतो ना, तसा. डोक्यापासून टाचेपर्यंत. एकीकडे ताण आला की भलतीकडेच ओढ बसते. आणि तुम्ही घाबरलात की सगळंच आवळतं. पायाखाली चेंडू फिरवा, मोकळा श्वास घ्या, काळजी कमी करा."

काळजीचं वाक्य प्रफुल्लच्या कानात शिरलंच नाही. टाच बिघडली की मान बिघडते, एवढंच त्याने धरलं. म्हणजे फाउंडेशनच वाकडं!

घरी येताच त्याने मशीनची समपातळी तपासायची बुडबुड्याची लेव्हल मनालीच्या हातात दिली आणि तो गॅलरीत ताठ उभा राहिला. "मागून दोन्ही खांद्यांवर लेव्हल धर. बुडबुडा कुठंय?"

"उजवीकडे पळालाय," मनाली म्हणाली.

"बघ! बुडबुडा उंच बाजूला पळतो. म्हणजे डावी बाजू बसलीय."

"अहो, तुम्ही माणूस आहात, लेथ मशीन नाही!"

पण डाव्या बुटात पट्टी गेली आणि बुडबुडा मधोमध आला. शनिवारी उजवी कंबर धरली. प्रफुल्लने घाबरून चैतालीला फोन लावला.

"सगळं जोडलेलं असतं, सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "चेंडू फिरवताय ना?"

"फिरवतोय की," प्रफुल्लने थाप मारली. सोल दबला असणार, असं ठरवून त्याने आणखी पट्ट्या कोंबल्या. रविवारी गुडघाही बोंबलू लागला.

सोमवारी डॉक्टरांनी मानेकडे पाहिलंसुद्धा नाही. "लंगडताय का? पायाला काय झालं?"

"पाय ठणठणीत आहे सर, मान दुखते म्हणून..." प्रफुल्लने जीभ चावली. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. आता स्टोअर नक्की, या भीतीने त्याला घाम फुटला.

डॉक्टरांनी बूट काढायला लावले. पट्ट्या खणखणत फरशीवर पडल्या, आणि त्याने घाबरत घाबरत सगळं सांगितलं.

"अनवाणी तर चांगले सरळ उभे आहात. माप घेतलं कुठे?"

"गॅलरीत, सर."

"गॅलरी धुतली की पाणी साचतं?"

"छे! लगेच जाळीकडे वाहून जातं. उतारच तसा..."

प्रफुल्ल थांबला. मागून कुणीतरी खो-खो हसलं, आणि त्याने गर्रकन डावीकडे वळून पाहिलं. दारात मॅनेजर धनराज साहेब उभे होते. मान वळली होती! डॉक्टरही हसत हसत 'फिट' लिहीत होते. प्रफुल्लला हायसं वाटलं, रडूच यायचं बाकी होतं.

"सुटलास बाबा, स्टोअर टळलं," साहेब डोळे पुसत म्हणाले. "उद्या नवीन मशीन बसवायचंय, वेळेवर ये. लेव्हल मात्र तुझा हेल्पर मल्हारी बघेल."

प्रफुल्लने मान खाली घातली. ती जराही दुखली नाही.