पट्ट्या बांधलेले बोरामणीकर

सोलापूरच्या चैत्रात कावळेसुद्धा चोच वासून बसतात. अशा दिवसांत धोतराखाली लोकरीच्या खाकी पट्ट्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आवळून शाळेत येणारा माणूस मी एकच पाहिला. केशवराव बोरामणीकर. आमच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. "पायांना आधीपासून सवय नको?" असं वर आम्हालाच विचारायचे.

हिंदी माणसांनाही आता पलटणीत अधिकारी करतात, ही बातमी त्यांनी वाचनालयात वाचली आणि जगाचा नकाशा गुंडाळून ठेवला. पुण्याला टेरिटोरियल, म्हणजे राखीव, पलटणीसाठी अर्ज धाडला. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचंच वर्ष. "आता जमलं तर जमलं, मास्तर. नाहीतर खडू खातच मरायचं," म्हणायचे. आम्ही शिक्षकमंडळी हसायचो. मी जरा जास्तच.

बाजारात जाणं म्हणजे त्यांची 'रसद', वर्गातला गोंगाट म्हणजे 'बंडाळी'. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की अंगणात कवायत. शेजारी तेलगू विणकरांचे माग सुरू झाले की त्या ठेक्यावर हे पावलं टाकत. धागा तुटून माग थांबला की हेही एक पाय वर धरून तिष्ठत. धागा सांधेपर्यंत पाय खाली नाही!

अधिकारी म्हणजे घोडा आलाच. दस्तगीर टांगेवाल्याचा घोडा रविवारी मागून घ्यावा, ही अक्कल माझी. दस्तगीरनं बिचाऱ्यानं आधीच सांगितलं होतं, "मास्टर, जानवर गरीब है. लेकिन उसकू टेसनच मालूम." केशवरावांनी घोड्याचं तोंड किल्ल्याकडे केलं. तेवढ्यात मेलची शिट्टी झाली. घोड्यानं एक कान हलवला, वळला, आणि स्वारासकट थेट स्टेशनात जाऊन टांग्यांच्या रांगेत उभा राहिला. केशवराव वर ताठ. मी मागून धापा टाकत पोचलो, तर डोक्यावर बोचकं घेतलेली एक म्हातारी त्यांना विचारत होती, "बाळीवेशीला येता का, ओ? पर टांगा कुटं हाय तुमचा?"

"मोहीम फसली," केशवराव मला म्हणाले. "पण माघार शिस्तीत झाली पाहिजे." उतरायला मात्र त्यांना दस्तगीरच लागला.

पुढची पायरी काट्या-चमच्याची. कुर्डुवाडीच्या स्टेशनात साहेबलोकांच्या उपाहारगृहात मी एकदा टोस्ट खाल्ला होता. तेवढ्या भांडवलावर मी त्यांचा उस्ताद झालो. आमच्या माजघरात पाटावर बसून उकडलेल्या बटाट्यावर सराव चाले. एकदा त्यांनी काटा रोवला तो बटाटा उडून आमच्या हिच्या ओच्यात पडला. ती म्हणाली, "लढाईत बटाटेच मारायचे असतील, तर भावजींचा नेम चांगला बसलाय." मी मात्र गंभीर चेहऱ्यानं शेवटचा धडा दिला : "काही सुचलं नाही तर साहेब करील तस्सं करायचं."

पुण्याहून बोलावणं आलं. दोन दिवस मुलाखती आणि रात्रीचं जेवण अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. परत आले ते हसतच.

"अहो, सगळं साहेबासारखं केलं. पण पानापुढे बसलं की हात थोडाच ऐकतो? पेला उचलला आणि ताटाभोवती पाणी फिरवून मोकळा झालो! पांढऱ्याशुभ्र कापडावर ओलं रिंगण. त्याच्या उजवीकडे पावाचे तुकडे ओळीनं मांडले. चित्राहुती! भान आलं तेव्हा सगळं टेबल माझ्याकडे बघतंय."

"मग हो?"

"कर्नलनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, सर, पुढच्या चौक्यांना आधी रसद, मग आपण. असा हसला म्हणता!"

शाळेत आम्ही त्यांना त्याच दिवशी कॅप्टन करून टाकलं. पण पलटणीच्या डॉक्टरनं केलं नाही. भिंतीवरची दूरची अक्षरं चष्म्यावाचून वाचता आली नव्हती. महिन्याभरानं नकार आला आणि केशवराव उघड्या पोटऱ्यांनी शाळेत आले.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. बायको इन्फ्लुएंझाच्या साथीत गेलेली, मूलबाळ नाही. स्टोव्हवर पिठलं रटरटत होतं आणि ते पातेल्यातूनच खात होते. मला पाहून पातेलं बाजूला सारलं. मी आपला नेहमीसारखा टोमणा मारला, "काय कॅप्टन, पगार हुकला याचं वाईट वाटतंय, की घोडा?"

ते हसले नाहीत.

"त्या रात्रीची एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही," म्हणाले. "छावणीत मी वाट चुकलो होतो. भूगोलाचा मास्तर! मेस सापडली तेव्हा चांगलाच उशीर झालेला. वाटलं, यांचं जेवण उरकलं असेल. आत गेलो तर सगळे आपापल्या खुर्चीमागे उभे. ताटं मांडलेली, कुणी बसलेलं नाही. कर्नल म्हणाला, पाहुणा आल्याशिवाय आम्ही बसत नाही." मग स्टोव्हची वात कमी करत म्हणाले, "ती गेल्यापासून माझ्यासाठी जेवायचं कुणी थांबलं नव्हतं हो. म्हटलं, ही नोकरी मिळाली तर..."

आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

घरी येऊन हिला सांगितलं. रविवारी तिनं मला पिटाळलं, "भावजींना जेवायला बोलावून या. नाही म्हणू देऊ नका."

त्यांची शिकवणी लांबली असावी. पानं वाढून झाली, उदबत्ती जळून गेली, धाकट्यानं भाताला हात घातला तो हिनं मागे ओढला. अखेर केशवराव दारात आले. मांडलेली पानं, रांगेत बसलेली आम्ही सगळी, कुणाचा घास मोडलेला नाही.

"हे काय? सुरू नाही केलंत?"

"तुमच्यावाचून कसं करणार?" ही म्हणाली.

"पाय धुऊन आलोच," म्हणत ते न्हाणीघरात गेले. तांब्याचा आवाज झाला, मग बंद झाला. बराच वेळ बाहेर येईनात. आमटी निवत चालली. पोरांनी माझ्याकडे पाहिलं.

"थांबायचं," मी म्हटलं.