छकुलीच्या फोल्डरवर नवी डिस्क

छकुली आज-उद्या चालणार आणि घरातल्या कॉम्प्युटरमध्ये जागा नाही, या दोन काळज्यांनी तिच्या आईला सकाळपासून बसवत नव्हतं. फोन भरत आलेला. तो रिकामा करावा, तर कॉम्प्युटर त्याहून गच्च. पहिलं पाऊल साठवायचं कुठे?

"आपल्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, तासाभराचं काम," नवी हार्ड डिस्क हातात तोलत नवरा म्हणाला. "तुझा फोन दे. आतल्या वायरींचे फोटो काढून ठेवतो, परत जोडताना लागतील."

त्याने जमिनीवर कॅबिनेट उघडलं. एकही स्क्रू छकुलीच्या तोंडात जाऊ नये म्हणून आई वाटी घेऊन शेजारी बसली. छकुलीला स्क्रूंचं काही नव्हतं. तिला हवं होतं कॅबिनेटवरचं बटण, कॉम्प्युटर सुरू असला की निळं चमकणारं. आई तिला उचलून लांब ठेवी, ती रांगत परत येई.

डिस्क बसली. कॉम्प्युटर सुरू झाला.

"झालं?"

"आत आहे, पण नुसतं आत असून चालत नाही. एखाद्या फोल्डरवर जोडावी लागते, तेव्हा कुठे ती वापरता येते."

"सुनेसारखंच की," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या.

"छकुलीच्याच फोल्डरवर जोडतो. फोटोंना आयती जागा. आणि दर वेळी आपोआप जोडली जाईल, असंही लिहून टाकतो."

डिस्क जोडून त्याने फोल्डर उघडला. आत काहीच नव्हतं. ना पहिलं हसू, ना पहिली अंघोळ.

"फोटो कुठेयत?"

"आहेत."

"कुठे?"

"म्हणजे, असायला हवेत."

घराची किल्ली हरवली तेव्हाही तो हेच म्हणाला होता. त्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. सांगून ठेवल्याप्रमाणे डिस्क आपोआप जोडली गेली आणि फोल्डर पुन्हा रिकामा निघाला.

"वर्षभराचं बाळपण गेलं रे माझं," ती म्हणाली.

"तुझं नाही, तिचं," सासूबाई म्हणाल्या आणि रडकुंडीला आलेल्या नातीसमोर बाहुलीवर रुमाल टाकला. "बाहुली कुठे गेली?" रुमाल उचलला. "ही काय."

आई रुमालाकडे बघत राहिली. "अरे, तू रिकामी डिस्क भरलेल्या फोल्डरवर जोडलीस ना? मग खालचं झाकलं गेलं असेल."

त्याने डिस्क सोडवली. सगळे फोटो जागच्या जागी होते.

"मला माहीतच होतं," तो म्हणाला.

"तोंडावरून वाटलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

मग डिस्कला वेगळा, रिकामा फोल्डर मिळाला आणि फोटोंची कॉपी सुरू झाली. "आता कोणी हात लावायचा नाही," त्याने बजावलं. छकुली खुर्चीला धरून उभी राहिली. निळ्या बटणाकडे बघितलं. खुर्ची सोडली. एक पाऊल, आणखी एक.

"पकड तिला, पकड."

पकडणारी फोन रोखून उभी होती. छकुली पोचली, तिने दोन्ही हातांनी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला, बटणाचा निळा दिवा विझला.

"जाऊ दे, कॉपीच चालली होती," तो हळूच म्हणाला. "मूळ फोटो आहेत. शूटिंग आलं ना?"

फोनवर लिहून आलं होतं, जागा शिल्लक नाही. तिने त्याने काढलेले वायरींचे फोटो एकेक करून उडवले. मग छकुलीला उचलून परत खुर्चीपाशी उभं केलं.

"बटण चालू कर."

"आणि कॉपी?"

"ती नंतर. आधी दिवा दिसू दे तिला."